खाट तीच, खाते वेगळे

रुग्णालयाच्या खाटेवर तीन रात्री काढलेला माणूस रुग्णालयात ‘दाखल’ होता की नव्हता, हा प्रश्न वरकरणी वेडगळ वाटेल. मनगटाला नावाची पट्टी, हाताला सलाईन, उशाशी परिचारिका, सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांची फेरी. एवढे सगळे असताना तो दाखल नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? अमेरिकेत हे धाडस नियमाच्या आधारे रोज केले जाते. तेथील ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, खाट मिळालेल्या माणसांचे दोन वर्ग पडतात. एक ‘इनपेशंट’, म्हणजे रीतसर दाखल झालेला आंतररुग्ण. दुसरा ‘ऑब्झर्वेशन’वरचा, म्हणजे नुसता देखरेखीखाली ठेवलेला. हा दुसरा माणूस कागदोपत्री बाह्यरुग्ण असतो, मग तो चार दिवस त्याच वॉर्डात का असेना. खाट तीच, औषधे तीच, डॉक्टर तेच. बदलते ते हिशेबाचे खाते. पुढच्या उपचारांचा बोजा विम्याने वाहावयाचा की म्हातारपणाच्या शिलकीने, हे त्या खात्यावरून ठरते.

देखरेख ही मुळात वैद्यकातील खरी आणि उपयोगी अवस्था आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. एखाद्याच्या छातीत दुखू लागते. पहिला कार्डिओग्राम स्वच्छ येतो, पण रक्ताची तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते. अशा माणसाला घरी पाठवणे धोक्याचे, आणि हृदयविकाराचा रुग्ण म्हणून दाखल करणे घाईचे. एक दिवस ठेवून पाहावे आणि मग ठरवावे, हाच येथे शहाणपणा होय. तक्रार या शहाणपणाबद्दल नाही. काही तासांसाठी असलेली ही अवस्था दिवस-दिवस का लांबत गेली, ती कोणाच्या सोयीने लांबली आणि तिची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

नियम आला कोठून

मेडिकेअरच्या कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी स्वाक्षरी केली. माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन त्या वेळी शेजारी होते. सार्वत्रिक आरोग्य विम्याचा त्यांचा स्वतःचा प्रयत्न पूर्वी फसला होता. कायद्याचे दोन भाग होते. ‘अ’ भागात रुग्णालयातील आंतररुग्णाचा खर्च, ‘ब’ भागात डॉक्टरांचे शुल्क आणि बाह्यरुग्ण सेवा. रुग्णालयातून सुटल्यावर काही काळ शुश्रूषा केंद्रात राहावे लागले तर तो खर्चही ‘अ’ भागातून मिळण्याची सोय होती. पण त्याआधी लागोपाठ तीन दिवस रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून काढलेले असावेत, अशी अट होती. म्हातारी माणसे त्या काळी रुग्णालयात आजच्यापेक्षा बरेच अधिक दिवस राहत. तीन दिवसांची अट म्हणजे ओलांडताना जाणवूही नये इतका बुटका उंबरठा होता.

पुढे वैद्यक बदलले. पूर्वी ज्या आजाराला आठवडा लागे तो दोन-तीन दिवसांत आटोपू लागला. उंबरठा मात्र तेथेच राहिला, आणि इतर सर्व बुटके झाल्यामुळे तो उंच दिसू लागला. शिवाय ते तीन दिवस आंतररुग्ण म्हणूनच मोजले जातात. देखरेखीखाली काढलेला काळ त्यांत धरला जात नाही.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहावा. ऐंशी वर्षांची एक विधवा घरात पडते. ओटीपोटाच्या हाडाला बारीक तडा जातो. शस्त्रक्रियेची गरज नसते, पण ती उठून उभी राहू शकत नाही. तिला चार रात्री रुग्णालयात ठेवतात. पाचव्या दिवशी डॉक्टर सांगतात की काही आठवडे शुश्रूषा केंद्रात राहून चालण्याचा सराव करावा. आंतररुग्ण म्हणून दाखल असती तर केंद्रातील पहिल्या वीस दिवसांचा संपूर्ण खर्च मेडिकेअरने दिला असता, आणि त्यानंतर शंभराव्या दिवसापर्यंत तिला रोजचा ठरावीक हिस्सा भरावा लागला असता. २०२५ साली हा हिस्सा दिवसाला २०९ डॉलर ५० सेंट होता. पण ती चार रात्री देखरेखीखाली होती. म्हणून केंद्रात पाऊल ठेवल्याच्या पहिल्या दिवसापासून संपूर्ण बिल तिचे. तिची नेहमीची रक्तदाबाची गोळी रुग्णालयाने दिली असेल, तर तिचाही पैसा बहुधा वेगळा लागतो. बाह्यरुग्णाने स्वतः घ्यावयाच्या गोळ्या ‘ब’ भागात बसत नाहीत. मुक्काम आखूड असेल आणि पुढे शुश्रूषा लागणार नसेल, तर देखरेखीचा वर्ग रुग्णाला कधी कधी स्वस्तही पडतो, कारण २०२५ साली आंतररुग्णाला सुरुवातीचे १,६७६ डॉलर स्वतः भरावे लागत होते. परंतु ज्याला शुश्रूषेची सर्वांत अधिक गरज, त्याच्यावरच हा नियम सर्वांत अधिक कोसळतो.

अशी माणसे थोडी नव्हती. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१३ साली दिलेल्या अहवालानुसार, २०१२ या एका वर्षात ज्यांनी रुग्णालयात किमान तीन रात्री काढल्या, पण ज्यांच्या तीन रात्री आंतररुग्ण म्हणून भरल्या नाहीत, असे मुक्काम ६,१७,७०२ होते.

डॉक्टरांच्या लेखणीवर कोणाचा हात

देखरेखीचा वर्ग फुगला तो डॉक्टर निर्दय झाले म्हणून नव्हे. त्यामागे पैशाची साधी गणिते होती. १९८३ साली मेडिकेअरने झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणे सोडले आणि आजाराच्या गटाप्रमाणे ठोक रक्कम देण्यास सुरुवात केली. एका रात्रीसाठी आंतररुग्ण दाखवला तरी ठोक रक्कम मिळू लागल्याने, काही आखूड मुक्काम विनाकारण ‘दाखल’ म्हणून दाखवले जात असल्याचा संशय सरकारला आला. तो अगदीच निराधार नव्हता. त्यावर उपाय म्हणून २००५ पासून प्रायोगिक तत्त्वावर, आणि नंतर देशभर, वसुली-तपासनीस कंत्राटदार नेमण्यात आले. त्यांचा मोबदला वसूल केलेल्या रकमेच्या टक्केवारीत ठरला. जितका दोष काढावा तितकी कमाई, अशी ही व्यवस्था. दोन वर्षांपूर्वी दाखल केलेला रुग्ण खरे तर देखरेखीवर ठेवावयास हवा होता, असे एखाद्या तपासनीसाने ठरवले की रुग्णालयाला त्या मुक्कामाची सगळी ठोक रक्कम परत करावी लागे. साहजिकच रुग्णालये सावध झाली. शंका आली की देखरेख लिहा, असा प्रघात पडला. ऑक्टोबर २०१२ पासून तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांबद्दल रुग्णालयांना दंड होऊ लागला. परत आलेला रुग्ण देखरेखीवर ठेवला तर तो पुन्हा दाखल झाला असे धरले जात नाही. प्रलोभनात आणखी एकाची भर पडली.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी १ ऑक्टोबर २०१३ पासून ‘दोन मध्यरात्रीं’चा नियम लागू झाला. रुग्णाला दोन मध्यरात्री ओलांडेपर्यंत रुग्णालयातील उपचार लागतील अशी डॉक्टरांची साधार अपेक्षा असेल, तर त्याला आंतररुग्ण म्हणून दाखल करावे. नसेल तर बहुधा देखरेख. आजाराचे गांभीर्य घड्याळावर मोजण्याची ही कल्पना हास्यास्पद वाटली, तरी तिच्यात एक चांगली गोष्ट होती. निर्णयाचा आधार डॉक्टरांची त्या क्षणीची अपेक्षा हा ठरला, आणि ती अपेक्षा कागदावर कारणांसह लिहिणे आवश्यक झाले. म्हणून आज अमेरिकेत वर्गाच्या वादात सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलेल्या चार ओळी. ‘वय ऐंशी, एकटी राहते, तोल जातो, वेदना आटोक्यात नाहीत, दोन रात्रींहून अधिक काळ लागेल,’ असे लिहिलेले असेल तर ते टिकते. नुसते ‘पडली, निरीक्षण’ असे लिहिले असेल तर पुढच्या सगळ्या लढाईत रुग्णाच्या हाती काही उरत नाही.

दाद मागण्याचा हक्क

अनेकांना आपण दाखल नव्हतो ही गोष्ट घरी बिल आल्यावर कळे. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. चोवीस तासांहून अधिक काळ देखरेखीखाली असलेल्या रुग्णाला, देखरेख सुरू झाल्यापासून छत्तीस तासांच्या आत, तशी लेखी सूचना देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले, आणि २०१७ च्या मार्चपासून ती प्रत्यक्ष दिली जाऊ लागली. पण त्या सूचनेवर दाद मागण्याचा मार्ग नव्हता. तुमचे नुकसान होत आहे एवढे कळवावयाचे, आणि ते थांबवण्याचा उपाय द्यावयाचा नाही, अशी ही सौजन्याची रीत होती.

दाद मागण्याचा हक्क मिळाला तो न्यायालयातून, आणि त्याला एक तप लागले. २०११ साली काही वृद्ध रुग्णांनी आणि मृत रुग्णांच्या वारसांनी कनेक्टिकटच्या केंद्रीय न्यायालयात सामुदायिक दावा लावला. मार्च २०२० मध्ये निकाल लागला, आणि जानेवारी २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. ज्यांना डॉक्टरांनी आंतररुग्ण म्हणून दाखल केले होते आणि ज्यांचा वर्ग नंतर रुग्णालयाने बदलून देखरेखीचा केला, त्यांना दाद मागण्याची संधी न देणे हे राज्यघटनेने दिलेल्या न्याय्य प्रक्रियेच्या हमीचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. विम्याचे संरक्षण हे सरकारने केलेले दान नसून माणसाची मालमत्ता आहे, आणि ती काढून घेताना त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होय. त्यानुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम झाले. २००९ पासूनच्या जुन्या प्रकरणांसाठी अर्जाची मुदत २ जानेवारी २०२६ अशी ठरली, आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून, वर्ग बदलल्याची सूचना हाती पडताच रुग्णालयातूनच तातडीने दाद मागण्याची सोय झाली.

या विजयाची मर्यादाही तितकीच बोलकी आहे. आधी दाखल करून मग खाली उतरवलेल्यालाच हा मार्ग खुला आहे. ज्याला पहिल्या तासापासून देखरेखीवरच ठेवले, त्याला तो नाही. म्हणजे ज्या रुग्णालयाला वाद नको आहे त्याने रुग्णाला मुळात दाखलच करू नये, हा धडा व्यवस्थेने नकळत शिकवून ठेवला आहे.

मेडिकेअरचे लाभ खाजगी कंपन्यांमार्फत घेणाऱ्यांची अवस्था याहून विचार करावयास लावणारी आहे. या कंपन्या उपचारांना आधी मंजुरी घ्यावयास लावतात. २०२३ साली त्यांच्याकडे आलेल्या सुमारे पाच कोटी मंजुरी-अर्जांपैकी बत्तीस लाख अर्ज पूर्णतः वा अंशतः नाकारले गेले. नकारांपैकी दाद मागितली गेली ती फक्त ११.७ टक्के प्रकरणांत. आणि ज्यांनी दाद मागितली त्यांच्यापैकी ८१.७ टक्के प्रकरणांत कंपन्यांनी आपला नकार पूर्णतः वा अंशतः मागे घेतला.

हे तीन आकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेजारी शेजारी मांडून पाहावेत. दाद मागणाऱ्या दहांपैकी आठ जणांचे म्हणणे खरे ठरते, पण नकार पचवणारे दहांपैकी जवळजवळ नऊ असतात. या नवांपैकीही सर्वांचे म्हणणे खरे असेल असे नाही. ज्यांची बाजू भक्कम तेच अधिक करून पुढे येतात, हेही खरे. पण त्यांतील निम्म्यांचे जरी खरे मानले, तरी नकार देणे हा किती किफायतशीर धंदा आहे हे ध्यानात येईल. नकाराला कंपनीला एका पत्राचा खर्च येतो. त्याविरुद्ध उभे राहण्याला रुग्णाला वेळ, कागद, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि चिकाटी लागते, आणि तीही अशा काळात जेव्हा त्याला धड उठून बसवत नाही. बाजारात दोन्ही बाजूंना सारखी माहिती आणि सारखे बळ असते असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे एका बाजूला पगारी वकील आहेत, आणि दुसऱ्या बाजूला सलाईन लावलेला हात आहे.

आपल्या दारात

हे सारे महाराष्ट्रातील वाचकाने का वाचावे? एक कारण असे की अमेरिकेने आपली दारे आशियाई स्थलांतरितांना खुली केली तीही १९६५ सालीच, आणि त्यानंतर तेथे गेलेली मराठी डॉक्टर-इंजिनियरांची पहिली पिढी आज याच मेडिकेअरच्या वयात आहे. पण मोठे कारण घरचे आहे. आरोग्यसेवेचा पैसा विम्याच्या वाटेने देण्याचा मार्ग आपणही धरला आहे, आणि वर्गवारीचे हे दुखणे त्या वाटेवर आपल्यालाही भेटते.

सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणले. आपल्याकडील आरोग्य विम्यात ‘रुग्णालयात दाखल’ याची व्याख्या लागोपाठ किमान चोवीस तास अशी आहे. ठरावीक ‘डे केअर’ उपचार तेवढे तिला अपवाद. शिवाय केवळ तपासण्या व निदान यांसाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही, असे वगळणुकीचे कलम असते. अमेरिकेत दाखल असलेला माणूस दाखल नाही असे ठरते. आपल्याकडे उलटे घडते: जो उपचार सहा तासांत उरकला असता त्यासाठी क्लेम बसावा म्हणून रात्र काढावी लागते, आणि रात्र काढल्यावर ‘दाखल होण्याची गरजच नव्हती, फक्त तपासण्या झाल्या’ असे पत्र येते. छातीत दुखते म्हणून रात्री दाखल झालेल्या गिरणी कामगाराच्या मुलाचे सगळे रिपोर्ट सुदैवाने चांगले आले, तर ते सुदैवच त्याच्या क्लेमच्या आड येऊ शकते. त्या रात्री त्याला काय होत होते हे पाहावयाचे, की सकाळी काय निष्पन्न झाले हे पाहावयाचे? प्रामाणिक उत्तर पहिलेच आहे. अमेरिकेतील दोन मध्यरात्रींच्या नियमातून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच: निर्णय जेव्हा घेतला तेव्हाच्या माहितीवरून तो तपासावा.

आपल्याकडेही दाद मागण्याची सोय आहे, आणि ती तुलनेने सोपी आहे. नकाराचे पत्र आल्यावर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तीस दिवसांत तो न पाळल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरावे लागतील, असे विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. कंपनीच्या पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेवाचून क्लेम नाकारू नये, असेही त्याच परिपत्रकात आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहेच. चोवीस तासांपेक्षा कमी काळ दाखल असलेल्या रुग्णाचा क्लेम २०२३ साली वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगाने मान्य केला, कारण नव्या तंत्रामुळे उपचार लवकर होतात, त्याची शिक्षा रुग्णाला नको. रुग्णाच्या माणसांनी एवढे करावे: दाखल करतानाच ‘का दाखल करीत आहात’ हे डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घ्यावे, डिस्चार्ज कार्डावर ते कारण उतरले आहे ना हे पाहावे, आणि नकार तोंडी ऐकून परत न येता कलमासह लेखी मागावा.

तथापि, प्रत्येकाने शहाणे व्हावे एवढ्यावर हा प्रश्न सोडून देणे म्हणजे व्यवस्थेचा दोष रुग्णाच्या पदरात टाकणे होय. ज्याला इंग्रजी पॉलिसी वाचता येते, ज्याचा भाचा वकील आहे, त्याला हक्क मिळेल. धुणीभांडी करून हप्ता भरणाऱ्या बाईला मिळणार नाही. हक्क वापरण्याची ताकद ज्याच्याजवळ अधिक त्यालाच तो पोचत असेल, तर कायद्यातील समता कागदावरच राहते. तेव्हा मागण्या साध्या असाव्यात. नकाराचे पत्र विमाधारकाच्या भाषेत असावे. कंपनीने आपला नकार कायम ठेवला तर ते प्रकरण रुग्णाने अर्ज न करताही स्वतंत्र परीक्षकाकडे जावे. अमेरिकेत मेडिकेअरच्या खाजगी योजनांत ही एक चांगली तरतूद आहे. प्रत्येक कंपनीचे किती नकार पुढे फिरवले गेले, याचे आकडे दरवर्षी नावानिशी छापले जावेत. आणि खाटेवर काढलेला वेळ तो खाटेवर काढलेला वेळ म्हणून मोजला जावा. अमेरिकेतही तीन दिवसांची अट कोविडच्या काळात मार्च २०२० ते मे २०२३ शिथिल होती. पण देखरेखीचा काळ त्यात कायमचा मोजावा यासाठी काँग्रेसपुढे वारंवार विधेयके येऊनही अट पुन्हा लागू झाली.

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. त्या रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत, औषधे बाहेरून आणावी लागतात, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत. हे सगळे खरे आणि लाजिरवाणे आहे. पण तेथे रात्री दोन वाजता आलेल्या म्हातारीला कोणत्या वर्गात घातले तर कोणाचे पैसे वाचतील, हा विचार डॉक्टरला करावा लागत नाही. तो तिची नाडी पाहतो आणि ठेवून घ्यावयाचे की नाही ते ठरवतो. विम्यावर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशांतला मोठा वाटा या रुग्णालयांच्या खाटांकडे वळवावा, ही मागणी म्हणूनच भावनेची नसून हिशेबाची आहे. जिल्हा रुग्णालयात एक खाट वाढली, तर नकाराचे एक पत्र लिहिण्याचे कारणच उरत नाही.